गोदाघाट मागितला, काशी मिळाली
(सदर : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात एआयनं चित्रं काढण्याबद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. ‘ताई, सगळ्यात भारी अ‍ॅप कोणतं?’ एवढंच ज्यांनी विचारलंय, त्यांना उत्तर देत नाही. आज भारी असलेलं अ‍ॅप अंक तुमच्या हातात पडेपर्यंत मागे पडलेलं असतं. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या माझ्या ऑफिसात लग्नपत्रिका, बेदाण्याची पाकिटं, दुकानांचे बोर्ड असली कामं चालतात. त्या कामात जे कळलं तेवढं सांगते.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२७ च्या सिंहस्थावर पोस्टर करायचंय. ‘नाशिकचा घाट’, ‘रामकुंड’, ‘गोदावरी’ असं मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, तरी उंचच उंच पायऱ्या, मोठमोठ्या छत्र्या आणि नावा येतात. प्रॉम्प्ट कसा लिहू?
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : अगं, ती काशी आहे! प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला लिहून दिलेली मागणी, कितीही घासलास तरी ती पुन्हा पुन्हा येणार.

त्याचं कारण सांगते. ही साधनं चित्र आणि त्याखाली लिहिलेली ओळ अशा जोड्यांवर शिकतात. स्टेबल डिफ्युजन हे त्यातलंच एक साधन ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ज्या साठ्यातल्या निवडक चित्रांवर ते शिकलं, त्या साठ्यात सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. शिकवताना चित्रावर थोडे थोडे रंगाचे दाणे टाकत ते पार पुसून टाकतात आणि यंत्राला दाणे काढून चित्र परत आणायला लावतात. पुढे तू शब्द दिलेस की ते नुसत्या दाण्यांतून, शब्दांच्या आधारानं, चित्र वर काढतं. आता घाट आणि नदी म्हटल्यावर जगभरच्या प्रवाशांनी सर्वांत जास्त फोटो कुठले टाकलेत? वाराणसीचे. त्यात आपण नाशिककर गोदेला गंगाच म्हणतो. तू कुठे ‘गंगाघाट’ लिहिलं असशील तर मग बोलायलाच नको.

एकदा होळकर पुलावर उभी राहा आणि आपला घाट नीट बघ. दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर. पायऱ्या बसक्या आणि रुंद. पात्रातच लहान लहान देवळं, मधून आडवे सांडवे, म्हणजे बुटके दगडी बांध. नारोशंकराच्या कोटावर घंटा. दुतोंड्या मारुती पाण्यात उभा. पूर आला की पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावर शहरात पुराची चर्चा होते. काशीला पलीकडच्या काठावर मोकळी रेती दिसते, आपल्याकडे बुधवारी घाटावर बाजार भरतो. यातलं काहीही यंत्राला ठाऊक नाही. ‘दोन तोंडांचा मारुती’ मागितला तर मला एका धडावर शेजारी शेजारी दोन डोकी मिळाली. पाठीला पाठ लावून दोन दिशांना बघणारा मारुती त्यानं कधी पाहिलाच नसावा.

म्हणून आधी कागद-पेन्सिल घे आणि घाटाचं रेखाटन कर. रेखाटन जमत नसेल तर स्वतः काढलेला फोटो चालेल. ते चित्र आधार म्हणून साधनाला दे. बहुतेक साधनांत मूळ चित्र किती बदलायचं याचा काटा असतो. स्टेबल डिफ्युजनमध्ये तो शून्य ते एक असा आहे. साधारण ०.३ ते ०.४ ला तुझ्या रेषा टिकतात आणि रंग-उजेड बदलतो. ०.७ च्या पुढे गेलीस की छत्र्या उगवायला लागतात. २०२३ मध्ये आलेलं कंट्रोलनेट तर फक्त रेषा उचलतं आणि त्यांच्या चौकटीतच रंगवतं, तुझ्या कामाला ते जास्त उपयोगी. घरच्या संगणकावर चालवायचं तर ८ जीबीचं ग्राफिक कार्ड असलेलं बरं.

प्रॉम्प्टमध्ये गावाचं नाव लिहू नकोस, डोळ्यांना दिसतं ते लिही : काळ्या दगडाच्या बसक्या पायऱ्या, पात्रात चार-पाच बुटकी शिखरं, नाव एकही नाही, पावसाळ्यातलं गढूळ पाणी.

आणखी एक. पाठवलेल्या नमुन्यात तू रामकुंडावर भस्म लावलेले नागा साधू उतरवलेत. आपल्या सिंहस्थात शैव आखाड्यांचं स्नान त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर होतं, रामकुंडावर वैष्णव आखाडे असतात. प्रयागचे फोटो बघून यंत्रानं नागा साधू टाकले आणि तू ते तसेच ठेवलेस. हे पोस्टर पंचवटीत लागलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी उतरवायला लावलं असतं.

प्रश्न : माझं सिडकोत फ्लेक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक हल्ली एआयचं डिझाइन मोबाईलवरच घेऊन येतं. अक्षरं तुटलेली असतात आणि १० बाय ८ चा फ्लेक्स मारला की चित्र फाटतं. गिऱ्हाईक माझ्यावरच चिडतं.
– एक फ्लेक्सवाले

उत्तर : दादा, अक्षरं त्या चित्रात ठेवूच नका. गिऱ्हाइकाला सांगा, मजकूर वेगळा लिहून दे, मी कोरलड्रॉमध्ये टाकतो. चित्र मागतानाच ‘वर एक तृतीयांश जागा रिकामी, अक्षर नको’ असं लिहायचं.

ही साधनं अक्षर लिहीत नाहीत, अक्षरासारखं दिसणारं चित्र काढतात. रोमन लिपीत २६ अक्षरं एकामागे एक बसतात. आपल्याकडे शिरोरेघ, काना, मात्रा, रफार आणि त्यात जोडाक्षरं. नवी साधनं बरीच सुधारलीत, ‘शुभ विवाह’ बऱ्याचदा बरोबर येतो. माझी एक कसोटी आहे : ‘त्र्यंबकेश्वर’ लिहायला लावायचं. त, र, य आणि वर अनुस्वार, एवढं सगळं एका अक्षरात आणि पुढे श्व. इथे बहुतेकांचं पितळ उघडं पडतं. एकदा ‘त्रयंबक’ आलं, एकदा तर शिरोरेघेखाली नुसती जळमटं. अक्षर बरोबर आलं तरी ल आणि श बघा, बहुधा हिंदी वळणाचे असतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर चांगला मराठी फॉन्टच लावावा लागतो. पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ मध्ये टिंब इकडचं तिकडे झालं तरी वधूपक्षाचे मामा बोट ठेवतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चित्र फाटण्याचं गणित सोपं आहे. एआयचं चित्र बरेचदा १०२४ बाय १०२४ पिक्सेल असतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर छापलं जातं, म्हणजे पत्रिकेच्या गणपतीपुरतं. साध्या ए-फोरला २४८० बाय ३५०८ लागतात. फ्लेक्स लांबून बघायचा असल्यानं कमी डीपीआय चालतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल तरी घेऊ नका. मूळ फाइल मागा, ती अपस्केलरमधून, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या साधनातून, चौपट करून घ्या, आणि मोठी केल्यावर चेहरे आणि हात झूम करून तपासा. अपस्केलर कधीकधी नगरसेवकांना सहावं बोट देतो. भडक निळा आणि पोपटी रंग पडद्यावर दिसतो तसा शाईत उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवा. छापण्याआधीचा नमुना दाखवून सही घ्या आणि मगच मशीन सुरू करा.

प्रश्न : आजोबांचा १९५० च्या आसपासचा फोटो मुलानं अ‍ॅपमध्ये टाकून स्वच्छ केला, रंगीतही केला. दिसतो छान, पण आईनं बघितल्यावर म्हणाली, ‘हे दादा नाहीत.’
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुमच्या आईचं बरोबर आहे. चेहरा ‘सुधारणारी’ साधनं धूसर जागी काय होतं ते शोधत नाहीत, अशा चेहऱ्यांत साधारणपणे जे असतं ते नव्यानं काढतात. गालावरचा चट्टा डाग समजून पुसतात, बारीक डोळे थोडे मोठे करतात, दातांतली फट बुजवतात. ओळख असते ती नेमकी याच गोष्टींत.

मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. चिरा, बुरशी, मागची भिंत, कोट एवढं एआयकडून करून घ्या. चेहऱ्यावर मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग वगळून, तो जसा आहे तसा राहू द्या. चेहऱ्यावरून गेलेली चीर रिटचिंग करणाऱ्याकडून हातानं भरून घ्या, समोर दुसरा फोटो ठेवून. आणि रंगीत प्रतीच्या मागे ‘रंग नंतर दिले’ असं लिहा. पुढच्या पिढीला आजोबांचा फेटा खरोखरच गुलाबी होता असं वाटायला नको.

प्रश्न : आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. सूनबाईंनी एआयवर पदराच्या इतक्या सुंदर डिझाइन काढल्या की सगळे बघतच राहिले. पण आमचे कारागीर म्हणतात, हे मागावर निघणार नाही. जुनी माणसं नवं करायला तयार नसतात, असं आहे का?
– एक दुकानदार, येवला

उत्तर : नाही हो, कारागीर खरं बोलतायत.

तुम्ही पाठवलेल्या चित्रांतला पहिला मोर मी मोठा करून बघितला. पिसाऱ्याचा एकेक केस वेगळा, निळ्यातून हिरव्यात जाताना मधल्या असंख्य छटा, आणि जरीच्या भागावर सोन्याच्या दागिन्यावर असते तशी सावली. मागावर सावली कशी विणणार? पैठणीच्या पदरात नक्षीच्या प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या छोट्या तिल्लीवरून आपापल्या जागेपुरता फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून परततो. म्हणून तर अस्सल पदर उलटा करून बघितला तरी नक्षी स्वच्छ दिसते, आणि जाणत्या बायका दुकानात आल्या आल्या आधी पदर उलटतात. या पद्धतीत गोलाईसुद्धा चौकटी मोजत पायरी-पायरीनं उतरते. छटा वाढल्या की तिल्ल्या वाढल्या, तिल्ल्या वाढल्या की दिवस वाढले.

शिवाय तो मोर पैठणीचा नाहीच. बांगडी मोर बांगडीच्या गोलात बसतो. तुमचा मोर पिसारा मागे सोडून ऐटीत उभा आहे, तो ब्रोकेडच्या साड्यांतून आलाय. पैठणीतही बनारस आडवं आलंच! असावलीच्या, म्हणजे पैठणीच्या ठरलेल्या फुलवेलीच्या, जागी वेल आहे, पण ती कुठलीही वेल आहे. काठावर मुनिया, म्हणजे छोटे पोपट, आहेत असं लांबून वाटतं, जवळून हिरवे ठिपके.

तरी सूनबाईंचा उत्साह मोडू नका, फक्त कामाचा क्रम बदला. तुमच्याच दुकानातली जुनी, चांगली विणलेली पैठणी घ्या, पदराचा सरळ, सपाट फोटो काढा आणि एआयला फक्त रंगसंगती बदलायला सांगा. हे काम तो झकास करतो. जांभळ्या अंगावर मोरपंखी काठ, राखाडीवर राणी, असे पर्याय संध्याकाळपर्यंत समोर मांडता येतात. पूर्वी कागदावर रंग भरत बसायला लागायचं. नवी नक्षीच हवी असेल तर एआयच्या चित्रातून फक्त कल्पना उचला. फोटोशॉपमध्ये ते इंडेक्स्ड कलरवर नेऊन रंग आठावर आणा, वर चौकटींची जाळी टाका. इतकं केल्यावर निम्मी डिझाइन आपोआप बाद होतात. उरतील ती कारागिराच्या पुढ्यात ठेवा आणि तो ग्राफवर काय खोडतो ते सूनबाईंना शेजारी बसून बघू द्या. आठवडाभर तेवढं केलं तर त्यांचे प्रॉम्प्ट बदलतील.

जाहिरातीचं विचारलंत. एआयच्या मॉडेलवर साडी नेसवलेले फोटो स्वस्त पडतात, मान्य. पण त्या फोटोत काठाची नक्षी हमखास बदलते. ऑनलाइन बघून मागवणाऱ्या बाईला फोटोतली साडी मिळाली नाही तर तिला तुम्ही फसवल्यासारखंच वाटणार. साडीचा खरा फोटो पहिला ठेवा, बाकीचे त्यामागे.

प्रश्न : आमची द्राक्ष निर्यात आहे. मुलानं एआयवर दहा मिनिटांत लोगो केला. हा लोगो आमचाच का? नोंदणी होईल का?
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : कायद्याआधी द्राक्षाकडे बघू. लोगोतला घड काळ्या-जांभळ्या, गोल मण्यांचा आहे आणि मागे टेकडीवर वेलींच्या रांगा. ही युरोपातली वाईनची बाग झाली. तुमचा माल हिरवा, थॉमसन आणि सोनाका. सोनाकाचा मणी चांगला लांब, आणि बाग मांडवाची. परदेशातल्या खरेदीदारानं लोगो बघून पेटी उघडली तर आत वेगळंच फळ निघेल. मुलाला आधी बागेत पाठवा, एक घड कापून टेबलावर ठेवायला सांगा आणि त्यावरून रेखाटन करू द्या. मग एआयला त्याचे दहा सोपे आकार करायला लावा.

आता मालकी. मी वकील नाही, पण या कामासाठी जेवढं कळून घ्यावं लागलं तेवढं सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ला दुरुस्ती झाली. संगणकानं तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार व्हायला जी व्यक्ती कारण झाली ती, असं त्यात आहे. ही तरतूद आजची एआय साधनं येण्याआधीची, त्यामुळे ती किती ताणायची यावर वाद आहेत. २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राला आपल्याकडे एआय साधन सहकर्ता दाखवून नोंदणी मिळाली, आणि नंतर त्याच कार्यालयानं ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेत कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ च्या अहवालात नुसता प्रॉम्प्ट लिहिणं कर्तृत्वाला पुरत नाही, असं म्हटलं.

लोगोसाठी मात्र तुमच्या कामाचा कायदा ट्रेडमार्कचा, १९९९ चा. तिथे चित्र कुणी काढलं यापेक्षा ते वेगळं ओळखू येतं का आणि आधीच्या कुणासारखं आहे का, हे बघतात. एआयचे लोगो इथेच अडकतात, कारण तसाच प्रॉम्प्ट शंभर जणांनी दिलेला असतो. आधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोध घ्या. ताजी द्राक्षं वर्ग ३१ मध्ये येतात, बेदाणे वर्ग २९ मध्ये. दोन्ही विकत असाल तर दोन्हीकडे अर्ज. मुलाची रेखाटनं तारखेसकट फाइलला लावून ठेवा. आणि लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रेषांत, पुन्हा काढून घ्या. आत्ताची तुमची फाइल खोक्यावर एका रंगात छापली तर घडाचा नुसता गोळा दिसेल.

प्रश्न : मी जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले. पुतण्या म्हणतो, काका, तुमचं अक्षर स्कॅन करून एआयला शिकवतो. देऊ का?
– एक पेंटर, भद्रकाली

उत्तर : काका, नमस्कार. पुतण्याला एआय बाजूला ठेवायला सांगा आणि आधी फॉन्ट करायला लावा. अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं धरून काही शे आकार काढावे लागतील, पण तुमच्या ‘ळ’ ची गाठ जशी आहे तशीच राहील. एआयला पंधरा-वीस नमुने दिले तरी तो वळण उचलतो. मात्र तो नमुना एकदा बाहेर गेला की कोण कशाला वापरेल ते तुम्हाला कळणारही नाही, आणि जोडाक्षरांचं काय होतं ते वर फ्लेक्सवाल्या दादांच्या उत्तरात आहेच. फॉन्टचं नाव, मालकी आणि विकला तर पैशांची वाटणी साध्या कागदावर लिहून घ्या. पुतण्या असला तरी. आणि ज्या बोर्डावर तुमची सही आहे तो स्कॅन करू नका.

प्रश्न : पेठ तालुक्यात शिक्षक आहे. चित्रस्पर्धेसाठी चार मुलांनी मोबाईलवर एआयची वारली चित्रं करून आणली. नाकारू की घेऊ?
– एक शिक्षक

उत्तर : स्पर्धेला घेऊ नका, वर्गात मात्र नक्की घ्या. ती चित्रं फळ्याशेजारी लावा आणि मुलांना चुका शोधायला सांगा. तुमच्या वर्गातली वारली आणि कोकणा मुलं मला शिकवतील एवढं त्यांना ठाऊक असेल.

मी तुमच्या पाकिटातल्या चित्रांत जे बघितलं ते सांगते. तारपा नाचाचा वेढा पूर्ण बंद करून टाकलाय. खऱ्या चित्रात तो आत वळत जातो आणि टोक मोकळं राहतं. मध्ये तारपा वाजवणारा हवा, तिथे बासरी धरलेला कुणी आहे. तारप्याचा भोपळा यंत्राला माहीतच नाही. एका चित्रात माणसांना डोळे आणि हसू आहे. रेषा सगळीकडे सारख्या जाडीची, छापल्यासारखी. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, चावून केलेल्या बांबूच्या काडीनं ओढलेली रेष सुरुवातीला ओली आणि जाड असते, पुढे बारीक होत सुकते. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरची चौकोनी मंगल आकृती, बायका लिहितात, त्यात पालघाट देवी असते. तो चौक नुसती शोभेची चौकट म्हणून वापरलेला बघून एखादी आजी तुम्हाला जाब विचारेल.

वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते हातात काडी घेऊन काम करणारे होते. तेव्हा एआयचं चित्र ‘वारली चित्र’ म्हणून विकायला किंवा बक्षिसाला ठेवायचं नाही, एवढं मुलांना स्पष्ट सांगा.

मुलांना मोबाईल वापरायचाच असेल तर उलट काम द्या. गावात कुणाच्या भिंतीवर जुना चौक शिल्लक असेल तर त्यांची परवानगी घेऊन समोरून, सावली न पडता फोटो काढायचा, कुणी कधी लिहिला ते विचारून खाली लिहायचं. त्यातले बरे फोटो माझ्याकडे पाठवा. पुढच्या अंकात जागा काढते, नावं मुलांची आणि लिहिणाऱ्या बाईंची, दोन्ही छापू.